किकी म्हणजे संधी नव्हे

व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत एक दाखला हमखास येतो. वक्ता पडद्यावर दोन चिन्हे दाखवतो आणि सांगतो, "जपानी माणूस संकट हा शब्द असा लिहितो. पहिले चिन्ह धोका, दुसरे संधी!" टाळ्या पडतात. दाखला तसा जुनाच आहे. जॉन केनेडी यांनी १९५९ साली तो चिनी भाषेच्या नावाने दिला होता आणि २००७ च्या नोबेल भाषणात अल गोर यांनी चिनीच्या जोडीला जपानीही घेतली.

मी गेली काही वर्षे जपानी शिकतो आहे. तो शब्द म्हणजे 'किकी'. वहीत उतरवताना त्याची दोन्ही अक्षरे, म्हणजे कांजी, सुटी करून पाहिली आणि तेव्हापासून हा दाखला ऐकला की मला राग येतो.

पहिल्या 'कि'बद्दल वाद नाही. सहा रेघांचे हे अक्षर. कड्याच्या टोकावर एक माणूस, खाली दुसरा गुडघे टेकलेला, अशी त्याची जुनी फोड सांगतात. रस्त्यावर धावणाऱ्या पोराला आई "आबुनाइ!" म्हणून ओरडते, तो शब्द याच अक्षराने लिहितात. धोक्याच्या पाटीवरच्या 'किकेन'मध्येही हेच.

घोळ दुसऱ्या 'कि'चा आहे. जपानी मुले ते चौथीत शिकतात, पहिले अक्षर मात्र सहावीत, कारण हे दुसरे रोज लागणारे. रेघा सोळा. डावीकडे लाकडाची खूण. उजवीकडचा भाग मुख्यतः उच्चार सांगतो, पण त्याच्या माथ्यावर सुताच्या दोन लडींसारखे आकार दिसतात. हे अक्षर एकटे असले की त्याचा एक उच्चार 'हाता', आणि हाता म्हणजे माग! 'हाताओरी' म्हणजे मागावरचे विणकाम. मालेगाव-भिवंडीकडच्या माणसाला हे अक्षर एकदा समजावले तर तो जन्मात विसरणार नाही. जुन्या चिनी भाषेत धनुष्याच्या यंत्राचा खटकाही याच अक्षराने दाखवत. मागाची जोडणी काय, खटका काय, एक छोटासा भाग हलला की सगळे बदलते. त्यातून एकीकडे 'यंत्र' हा अर्थ आला आणि दुसरीकडे 'सगळे जिथून पालटते तो क्षण' हा.

विमानाला जपानीत 'हिकोकी' म्हणतात. त्यातला शेवटचा 'कि' हाच, आणि तिथे संधी कुणी शोधत नाही. 'किकाइ' असे दोन शब्द आहेत, उच्चार एकच, पहिले अक्षरही हेच. एकाचा अर्थ यंत्र, दुसऱ्याचा संधी. दुसऱ्यात पुढे 'भेट' या अर्थाचे अक्षर बसले आहे. योग्य क्षणाशी गाठ पडली, म्हणून संधी. हे अक्षर एकटेही संधी या अर्थाने येते, ते मी नाकारत नाही. पण आधी 'धोका' लागला की तो क्षण धोक्याचा होतो. कड्यावरच्या माणसाचा पाय सुटण्याचा क्षण. तो त्याला सुवर्णसंधी वाटेल काय?

शब्दाची फोड करून त्याचा आजचा अर्थ ठरवायचा तर मराठीचेच एक उदाहरण घ्या. राजीनामा. राजी आणि नामा, म्हणजे खुशीचा कागद. आमच्या घरी उर्दू बोलतात, तिथे राजीनामा म्हणजे तडजोडीचा, संमतीचा कागद. नोकरी सोडण्याला आम्ही इस्तिफा म्हणतो. आता दमदाटी करून ज्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला, त्याला "तुमच्या भाषेतच आहे, तुम्ही राजी होता" असे सांगितले तर? किकीच्या दाखल्यात नेमके हेच होते. आणि तो ऐकवला जातो कुणाला? कामावरून काढलेल्यांना, धंदा बुडालेल्यांना. ऐकवणाऱ्याची नोकरी शाबूत असते. समोरच्याला भरपाई हवी असते, हप्ता भरायला मुदत हवी असते, आणि त्याच्या हातात दोन जपानी अक्षरे पडतात. वर ती ओळखू न आल्याचा दोषही त्याचाच!

जपानी लोक हा शब्द कसा वापरतात ते पाहावे. आर्थिक संकट 'किन्यू किकी'. संकट हाताळण्याची व्यवस्था 'किकी कान्री'. 'किकीकान' म्हणजे संकट अंगावर येत असल्याची जाणीव, आणि ती नसलेल्या माणसाला तिथे बेफिकीर समजतात.

मग संकटात संधी असते, असे जपानी माणूस कधी म्हणतच नाही का? म्हणतो की! "पिन्ची वा चान्सु." वाक्य तिथे चांगलेच रुळलेले आहे. त्यातला 'पिन्ची' इंग्रजीतला पिंच आणि 'चान्सु' इंग्रजीतलाच चान्स. दोन्ही शब्द कांजीत लिहीतच नाहीत. परभाषेतल्या शब्दांसाठी जी काताकाना लिपी आहे, तिच्यात लिहितात.