नकार लेखी द्या!

शेजारच्या मावशी परवा हिरमुसल्या चेहऱ्याने घरी आल्या. मुलीचे बाळंतपण परदेशात आणि यांचा पासपोर्ट अडलेला. "साहेब म्हणाले, पोलिसांचा रिपोर्ट बरोबर नाही. मिळायचा नाही."

"मावशी, लेखी काय दिलंय?"

"लेखी कशाला? साहेबच म्हणाले ना!"

आपले चुकते ते इथेच. साहेबांचा शब्द हाच कायदा समजून आपण घरी परततो. वास्तविक १९६७ च्या पासपोर्ट कायद्याने साहेबांचेही हात बांधले आहेत. पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येतो ते कलम ६ मध्ये मोजून दिले आहे; त्याबाहेरचे कारण चालत नाही. कलम ५ नुसार नकाराचे कारण लेखी नोंदवावे लागते आणि अर्जदाराने मागितल्यास थोडक्यात कळवावे लागते. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक हित अशा मोजक्या बाबतींतच ते न कळवण्याची मुभा आहे. कलम ११ प्रमाणे वरिष्ठांकडे अपीलही करता येते.

मात्र नकार खुद्द केंद्र सरकारचा असेल तर हे अपील चालत नाही. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने 'सार्वजनिक हिता'साठी जमा करून घ्यायचे ठरवले आणि कारणे सांगायचे नाकारले. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने बजावले, की माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय असा निर्णय न्याय्य ठरत नाही.

अपिलाचा खरा उपयोग अपील करण्याआधीच होतो. आपण लिहिलेले उद्या वरचा अधिकारी तपासणार, हे ठाऊक असले की लिहिणारा दोनदा विचार करतो. तोंडी नकाराला ही भीती नसते.

मावशींनी कारण मागणारा साधा अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आले: पोलीस चौकशीला आले तेव्हा घराला कुलूप होते! त्या आठवड्यात मावशी गावी लग्नाला गेल्या होत्या. कुलूपबंद घर हे कारण कलम ६ मध्ये कुठेच नाही. अपिलाची वेळच आली नाही. फेरचौकशी झाली आणि पासपोर्ट आला.

तेव्हा वाचकहो, खिडकीवर भांडू नका, रडूही नका. नम्रपणे एवढेच म्हणा, "साहेब, हे लिहून द्या." पत्र मिळाले की त्यावरची तारीख जपा, अपिलाची मुदत मोजायला ती लागते.