मधुमेह्याच्या दिवसाची कैफियत

माननीय आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य, यांस



नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर या तालुक्याच्या गावाहून हे पत्र आपणांस जाहीरपणे लिहीत आहे, कारण यातील विनंती एका घरापुरती नाही. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघर जाऊन वय, कमरेचा घेर, तंबाखूचे व्यसन, घराण्यातील विकार यांची नोंद घेतात; या उद्योगामुळे ज्यांचा मधुमेह वेळीच उमगला अशी माणसे माझ्या परिचयात आहेत, आणि त्यांच्या वतीने आभार मानणे हे माझे पहिले कर्तव्य होय. परंतु रोग सापडल्यानंतरची दहा-वीस वर्षे रोगी कशी काढतो, याचा तपशील माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही दप्तरात नाही.

आमच्या गल्लीतील एक काका केळीचे घड उतरवून गाडी भरणाऱ्या टोळीत आहेत. सकाळी इन्सुलिन टोचून, अर्धी भाकरी खाऊन ते बागेत जातात. उरलेली भाकरी व्यापाऱ्याची गाडी भरून झाल्यावर खायची, आणि ती गाडी केव्हा येईल हे त्यांच्या हाती नसते. वैशाखात घामाने सर्वांचीच अंगे भिजलेली असतात, त्यामुळे अकराच्या सुमारास त्यांना फुटणारा घाम थंड आहे, कोयता धरलेला हात कापतो आहे, आणि एरवी ज्यांचा चढा स्वर कोणी ऐकला नाही ते काका ‘मला काही झालेलं नाही, तुम्ही जा’ म्हणून सोबत्यांवर खेकसत आहेत, ही सारी रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे होत, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. बरे, कोणी ओळखून साखर देऊ केलीच तर ती ते झिडकारतात, कारण ती वर्ज्य असल्याचे त्यांच्या मनावर वर्षानुवर्षे ठसवले गेले आहे. त्या घटकेस तीच औषध असते, हे मात्र त्यांना कोणी समजावलेले नाही.

शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे ते स्वतःच्या तुकड्याला पाणी द्यायला जातात. चिखलात रुततात म्हणून चपला बांधावर काढून ठेवतात. बधिर झालेल्या तळव्यात काटा मोडला तरी कळत नाही. एकदा सकाळी ओसरीच्या फरशीवर रक्ताचे ठसे पाहून काकूंनी असा काटा शोधून काढला. याच काकू घरात शीतकपाट नसल्याने इन्सुलिनची कुपी दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात जपतात, आणि पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आमच्या मुलखात त्यांची ही तजवीज, संशोधकांनीही उष्णमान मोजून उपयुक्त ठरवलेली, मला फार मोलाची वाटते.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची चाचणी आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. तथापि सरासरीत ती अकराची वेळ दिसत नाही; ती टिपायला घरोघरचेच निरीक्षण हवे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांचा श्वास मोजण्यास व लक्षणे टिपण्यास शिकवले, आणि घरोघरच्या त्या काळजीने बालमृत्यू किती घटले हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे तीच रीत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. नुकत्याच जन्मलेल्या बाळासाठी जे निरीक्षण शक्य झाले, ते आयुष्यभराच्या दुखण्यासाठी अशक्य का मानावे?

म्हणून विनंती अशी की, आशाताईंच्या नोंदीच्या नमुन्यास एक पान जोडण्याचा हुकूम व्हावा. रोगी इन्सुलिन केव्हा घेतो आणि प्रत्यक्षात केव्हा जेवतो, औषध कोठे ठेवतो, पाऊल रोज कोण पाहते, आणि साखर उतरल्यास जवळच्या माणसाने काय करावे हे त्या माणसाला ठाऊक आहे काय, एवढे त्यावर लिहिले जावे. आणि या जादा कामाचा मोबदला आशाताईंना वेगळा मंजूर व्हावा, कारण त्यांच्यावरील भार आधीच थोडा नाही. आरंभ अर्धापूर तालुक्यातून, येत्या उन्हाळ्यापूर्वी करावा.

आपला नम्र,
अर्धापूरचा एक रहिवासी