छाप्यानंतर उरणारे विष

ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा पडला. ९०७ किलो मेफेड्रोन सापडले. १,८१४ कोटी रुपये ही त्याची किंमत देशभर गाजली. अशा कारखान्याच्या फरशीत, भिंतींत आणि गटारात काय मुरलेले असते, याची चर्चा मात्र झाली नाही.

मेफेड्रोन बनवताना ब्रोमीन, मिथिलअमाइन आणि टोल्युइनसारखी द्रावके लागतात. चोरट्या धंद्यात त्यांचे सांडपाणी नाल्यात किंवा मागच्या जमिनीत जाते. जप्त मालाच्या विल्हेवाटीसाठी एनडीपीएस कायद्यात कलम ५२-अ आहे. मागे राहिलेल्या वास्तूच्या शुद्धीसाठी तशी तरतूद नाही. पंचनामा झाला की काम संपले, असे प्रशासनात आम्हीही मानत आलो. पुढे सील निघते, भिंतींना चुना लागतो आणि नवा भाडेकरू येतो. पिंपे उचलतो तो हातमोजेही नसलेला रोजंदारी मजूर.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात असे काम करणाऱ्या कंत्राटदाराला आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. न्यूझीलंडचा धडा उलटा आहे. तेथे घरात नुसते मेथॅम्फेटामाइन ओढल्याच्या अंशावरूनही भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. अशा अंशाने अपाय होतो याला पुरावा नसल्याचे २०१८ मध्ये पंतप्रधानांचे विज्ञान सल्लागार सर पीटर ग्लकमन यांच्या अहवालाने सांगितले, आणि सरकारी गृहसंस्थेला माफी मागावी लागली. प्रशिक्षण हवे ते म्हणूनच: कुठे भिंत फोडायची आणि कुठे नुसती धुवायची, हे कळण्यासाठी.

आपल्याकडे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांनी न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या मदतीने असा अभ्यासक्रम सुरू करावा. तपासणारा आणि साफ करणारा एकच नसावा. अन्यथा दूषितता शोधण्यातच नफा दडतो. स्वतंत्र दाखल्याशिवाय वास्तू पुन्हा वापरात येऊ नये. खर्च प्रथम दोषीकडून वसूल व्हावा. तो निघेना तर कलम ७-अ खालील राष्ट्रीय निधी आहे. गुन्हेगारांच्या जप्त मालमत्तेचे विक्रीमूल्य त्यातच जमा होते. त्याच्या उद्देशांत स्थळशुद्धीची भर घालण्यास संसदेला फार वेळ लागू नये.

एकेका गाळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उत्तर भोपाळमध्येच आहे. युनियन कार्बाइडच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा शहराबाहेर जायला जानेवारी २०२५ उजाडावा लागला. दुर्घटनेला तेव्हा ४० वर्षे उलटून गेली होती.