कर्जाला सबसिडी, सोलरला सबसिडी. पण घर तापतंय त्याचं काय?

मित्रांनो, गेल्या काही महिन्यांत मला मेसेजवर सगळ्यात जास्त विचारले गेलेले दोन प्रश्न. "भाऊ, घराच्या कर्जावरची सबसिडी परत सुरू झाली म्हणतात, खरं का?" आणि "सोलरला सरकार किती पैसे देतं?" दोन्हींची उत्तरं आधी देतो, मग मला जे म्हणायचंय ते म्हणतो. पोस्ट थोडी मोठी आहे, पण घर बांधायला काढलं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पहिलं उत्तर. हो, खरं आहे. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे आणि तिच्यात व्याज अनुदानाचा भाग आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नाही, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि कार्पेट एरिया १२० चौरस मीटरच्या आत असेल, तर पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के व्याज सवलत. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार.

इथे एक गोष्ट एजंट लोक सांगत नाहीत. दरवर्षीचा हप्ता मिळायचा तर कर्ज चालू असायला हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असायला हवं. शेत विकून किंवा पीएफ काढून दोन-तीन वर्षांत कर्ज उरकायचा विचार असेल, तर आधी हिशेब करा.

दुसरं उत्तर. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार. त्याच्यावर पुन्हा छोट्या सिस्टिमसाठी कमी व्याजाचं, विनातारण कर्ज सरकारी बँका देतात. अनुदान सिस्टिम बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येतं. आधी नाही.

आता माझं म्हणणं.

या दोन योजना एकत्र ठेवून बघा. एक घर बांधायला पैसे देते. दुसरी त्या घराला वीज पुरवायला पैसे देते. पण मधली गोष्ट, म्हणजे ते घर मुळात किती वीज खाणार, याबद्दल सवलतीचं कर्ज देताना कोणी एक प्रश्नसुद्धा विचारत नाही. बँक सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघते, सर्च रिपोर्ट बघते, इंजिनिअरचं एस्टिमेट बघते. नगरपालिका साइड मार्जिन आणि उंची बघते. स्लॅब मे महिन्यात किती तापणार, पश्चिमेच्या भिंतीला सावली आहे का, वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाणार का, हे बघणं कोणाच्याच टेबलावर नाही.

आणि आपण राहतो कुठे? भुसावळ-जळगाव पट्ट्यात. पारा ४५ च्या पुढे गेला तरी इथे फारशी मोठी बातमी होत नाही. आपल्या आजोबांची घरं धाब्याची होती. जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर, खिडक्या लहान. त्यांच्या अडचणी होत्या, दर पावसाळ्यापूर्वी डागडुजी होती, मी त्या घरांचे गोडवे गायला बसलेलो नाही. पण दुपारी त्या घरात माणूस झोपू शकायचा. आज आपण वीस लाख कर्ज काढून उघड्या स्लॅबचा डबा बांधतो. मग कूलर घेतो, मग एसी घेतो, मग त्या एसीचं बिल भागवायला सोलर घेतो. तिन्ही गोष्टी पुन्हा हप्त्यावर.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. राहत्या इमारतीच्या भिंतीतून किती उष्णता आत यावी, छताची यू-व्हॅल्यू (म्हणजे छत किती उष्णता आत सोडतं) १.२ पेक्षा जास्त नसावी, खिडक्या किती उघडाव्यात, सगळं त्यात आहे. आपला नेहमीचा उघडा आरसीसी स्लॅब या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी लिहिलेली आहे. म्हणजे साधारण पाच गुंठे. आपल्या गावात पाच गुंठ्यांवर घर कोण बांधतं? आपला प्लॉट एक, दीड, फार तर दोन गुंठ्यांचा. म्हणजे ज्याला सबसिडीची गरज आहे, तोच नेमका या नियमाच्या बाहेर.

दुसरीकडे काय होतं ते सांगतो. जर्मनीत केएफडब्ल्यू नावाची सरकारी विकास बँक आहे. मुलंबाळं असलेल्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांना नवीन घरासाठी ती स्वस्त कर्ज देते. पण अट आधी. घर 'एफिशियन्सी हाऊस ४०' दर्जाचं पाहिजे, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रमाण घराला लागेल त्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त प्राथमिक ऊर्जा त्याला लागता कामा नये. आणि हे तज्ज्ञाने तपासून लिहून द्यावं लागतं. तिथला प्रश्न थंडीचा, आपला उन्हाचा. उत्पन्न वेगळं, बांधकाम वेगळं. नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण सरकारी पैशाची सवलत हवी तर घर नीट बांध, हे तत्त्व इथेही लागू होऊ शकतं.

गंमत म्हणजे हे भारतात करूनही पाहिलंय. पंधरा-एक वर्षांपूर्वी याच केएफडब्ल्यूने आपल्या राष्ट्रीय आवास बँकेला ५ कोटी युरोंचं कर्ज दिलं होतं, ऊर्जा वाचवणाऱ्या नवीन घरांच्या कर्जासाठी. प्रमाण घरापेक्षा किमान ३० टक्के ऊर्जा कमी लागते असं प्रमाणपत्र त्यासाठी लागायचं. पण ते मोठ्या गृहप्रकल्पांतल्या फ्लॅटच्या कामाचं. दीड गुंठ्यावर मिस्त्री लावून बांधणाऱ्यापर्यंत ते कधी आलंच नाही.

आता कोणी म्हणेल, सोलर लावलं की वीज फुकट, मग कशाला डोकं लावायचं? दोन कारणं. एक, ३ किलोवॅटची सिस्टिम दिवसाला साधारण १२ युनिट देते. रात्रभर दोन खोल्यांत एसी चालले तर ते तिथेच संपतात, बाकी घर उरतंच. दुसरं जास्त महत्त्वाचं. सबसिडीतून बसणारी बहुतेक सिस्टिम ऑन-ग्रिड, बॅटरीशिवायची असते. लाईट गेली की तीही बंद पडते, भर उन्हात सुद्धा. मे महिन्यातल्या दुपारी वीज गेल्यावर तुम्हाला वाचवणार ते फक्त तुमचं छत आणि भिंत.

"पण भाऊ, बजेट कुठंय?" हाही प्रश्न येणार. तर हिशेब करू. २० लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, तर हप्ता सुमारे १७,३५० रुपये. घर थंड राहावं म्हणून एक लाख जास्त घातले तर हप्ता वाढतो सुमारे ८७० रुपयांनी, म्हणजे वर्षाला साडेदहा हजार. दीड टनाचा एक एसी रोज आठ तास चालला तर महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट जातात. महावितरणचा दर पहिल्या १०० युनिटनंतर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे हे युनिट महागातलेच असतात. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत एक एसी जरी कमी चालवावा लागला तरी वाढीव हप्ता जवळजवळ निघतो. शिवाय एसी घ्यायचे पैसे वाचले.

आणि एक लाख लागतीलच असंही नाही. जे काम सुरू करणार आहेत त्यांनी इंजिनिअरला आणि ठेकेदाराला एवढं तरी विचारा:

१. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग येईल का? एकमजली घरात सगळ्यात जास्त उष्णता छतातूनच येते.
२. पश्चिमेला बेडरूम टाळता येईल का? तिथे जिना, बाथरूम, स्टोअर चालेल.
३. खिडक्यांवर छज्जा पुरेसा बाहेर काढलाय का? एलिव्हेशनच्या नादात छज्जे गायब होतायत.
४. पश्चिमेच्या भिंतीला एएसी ब्लॉक वापरता येतील का? भाजक्या विटेपेक्षा ते उष्णता बरीच कमी आत सोडतात.
५. समोरासमोर खिडक्या आहेत का?
६. पंखे बीएलडीसी घ्या. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३०-३५.

यातले दुसरा, तिसरा आणि पाचवा मुद्दा नकाशावरच सुटतात. स्लॅब पडल्यावर मात्र काही हलत नाही.

आता मागणी. माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. व्याज अनुदानाच्या अर्जासोबत छत आणि भिंतींचं एक पानी तपासपत्र बँकेने घ्यावं, आणि जो नीट बांधेल त्याला अर्धा-पाऊण टक्का जास्त सवलत मिळावी. नगरपालिकेने लहान प्लॉटसाठी, आपल्या हवामानाचे, दोन-तीन तयार नकाशे मोफत द्यावेत. आणि पांढऱ्या छताला मालमत्ता करात थोडी सूट द्यावी. अट म्हणून लादलं तर गरीब माणूस कागदांतच अडकेल, हे मलाही दिसतं. म्हणून सक्ती नको, बक्षीस द्या.

अडीच लाख अनुदान घेऊन स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या कुटुंबांना तर हे सगळ्यात आधी मिळायला हवं. त्यांच्याकडे एसी घ्यायचीही ऐपत नसते, सोलरची तर गोष्टच सोडा. सरकार त्यांना घर देतं आणि दुपारी ते कुटुंब लिंबाखाली बसलेलं असतं.

वॉर्डातल्या नगरसेवकांना विनंती, पुढच्या सर्वसाधारण सभेत पांढऱ्या छताच्या कर-सवलतीचा विषय तरी मांडा. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत घर बांधलंय त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा: उन्हाळ्याचं बिल किती येतं, गच्चीवर काय केलंय, फरक पडला का. दहा-वीस खरे आकडे जमले तर मी स्वतः ते नगरपालिकेत नेऊन देईन.