वाङ्मय-विहार : कविवर्य सुरेश भट

ज्याचें गीत घरोघर गाइलें जातें, त्या कवीचें नांव मात्र पुष्कळांस सांगतां येत नाहीं. 'उंबरठा' (1982) ह्या बोलपटांतलीं लताबाईंनीं गाइलेलीं गीतें धाकट्या सुनेपासून आजेसासूबाईंपर्यंत सर्वांना ठाऊक असतात. त्यांतलीं कांहीं लिहिणारे सुरेश भट हे आपल्या अमरावतीचेच, असें सांगितलें म्हणजे ऐकणारीं माणसें चकित होतात.

त्यांचा जन्म 15 एप्रिल 1932 चा. वडील श्रीधरपंत डॉक्टर, आणि मातोश्रींना कवितेची मोठी आवड. अडीच वर्षांचे असतांनाच पोलिओनें त्यांचा उजवा पाय अधू झाला. बी. ए. च्या परीक्षेंत ते दोनदां नापास झाले, 1955 सालीं एकदाचे उत्तीर्ण झाले आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांतून शिक्षकी करूं लागले. गुणपत्रिकेवरून मुलांची पारख करणाऱ्या वडीलमंडळींनीं हा मजकूर वाटल्यास दोनदां वाचावा! 1961 सालीं 'रूपगंधा' हा पहिला संग्रह निघाला. 'रंग माझा वेगळा' यावयास 1974 साल उजाडावें लागलें, आणि 'एल्गार' 1983 सालीं आला.

मराठींत गझल प्रथम भटांनींच आणली, हा समज मात्र खरा नव्हे. माधव जूलियनांची 'गज्जलांजलि' 1933 सालींच प्रसिद्ध झाली होती. परंतु त्या काळीं गझल हें पुष्कळांना एक वृत्तच वाटे. भटांनीं ठासून सांगितलें कीं, वृत्त सांभाळलें म्हणजे गझल झाली असें नाहीं. तिचा प्रत्येक शेर दोन ओळींत पुरा झाला पाहिजे; मागच्यापुढच्या शेराचा आधार त्यास लागतां कामा नये. पहिल्या शेराच्या, म्हणजे मतल्याच्या, दोन्ही ओळींत यमक साधावयाचें, आणि पुढें प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळींत. समजा, 'वारा', 'तारा', 'किनारा' हे यमकाचे शब्द, म्हणजे काफिये, घेतले. त्यांत 'रा' च्या आधींचा 'आ' हा स्वर कायम आहे, तीच अलामत. 'वारा' शीं 'झरा' जुळविला कीं ती मोडली. काफियानंतर जो शब्द जसाच्या तसा पुनः पुनः येतो, तो रदीफ.

आमच्या धारणीसारख्या गांवीं बाजाराच्या दिवशीं कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी ह्या तिन्ही बोली एकाच दुकानापुढें ऐकूं येतात. परभाषेंतला हा उंची पाहुणा मराठींत कसा रुळला, ह्याचें नवल आम्हांस म्हणूनच थोडें कमी वाटतें.

खरें नवल दुसरेंच आहे. ही विद्या भटांनीं स्वतःपाशीं राखून ठेविली नाहीं. नियम सोपे करून सांगणारी 'गझलेची बाराखडी' त्यांनीं लिहिली आणि होतकरूंना ते आवर्जून शिकवीत राहिले. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक आलें नव्हतें, अशा तरुणांनाही मग तक्रारीसाठीं आणि प्रेमासाठीं एक घट्ट सांचा मिळाला. त्या सांच्यांतून पुढें पुष्कळ निर्जीव मालही बाहेर पडला, हें कबूल केलें पाहिजे. काफिये बिनचूक, पण शेरांत सांगण्याजोगें कांहींच नाहीं, अशा गझला आज ढिगानें सांपडतात. भटांचा स्वतःचा सूरही क्वचित् व्याख्यानाच्या अंगानें चढतो. परंतु त्यांच्या उत्तम शेरांत एकही शब्द हलवितां येत नाहीं, आणि अर्थ तर शाळकरी मुलासही कळतो.

डॉ. आंबेडकरांवर त्यांनीं 'भीमवंदना' लिहिली आणि उत्तरायुष्यांत बौद्ध धम्माचा स्वीकार केला. आपल्यासारख्या कुटुंबांत ही गोष्ट बहुधा टाळून बोलली जाते. टाळण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं. ज्या कवीनें जन्मभर अन्यायाविरुद्ध लिहिलें, त्याचें हें पाऊल त्याच्या कवितेपासून वेगळें कसें काढावें?

'सप्तरंग' 2002 सालीं निघाला, आणि 14 मार्च 2003 रोजीं नागपुरास ते वारले. नागपुरांतल्या रेशीमबागेंत 2017 सालापासून त्यांच्या नांवाचें भव्य सभागृह आहे. तेथें जाणें घडो न घडो, येत्या सुट्टींत मुलें जमलीं म्हणजे ह्यांपैकीं एक संग्रह मध्यें ठेवावा आणि एकेका गझलेची अलामत त्यांनाच शोधावयास लावावी.