इंग्रजीच्या पाठांची पारख

परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. बियाणे कितीही नामांकित असो, येथल्या काळ्या जमिनीत आणि येथल्या लहरी पावसात ते चाचणीस उतरल्यावाचून शेतकऱ्याला त्याची शिफारस करावयाची नाही, ही शिस्त अशा विद्यापीठांच्या कामाचा पायाच होय. त्याच जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांत इंग्रजीचे पाठ मात्र असल्या कोणत्याही चाचणीवाचून पेरले जात आहेत. पीक हाती न आल्यास दोष जमिनीचा, म्हणजे मुलाचा, मानण्याची सोय आहेच!

महाराष्ट्राने २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केली आणि पूर्वी पाचवीत येणारा हा विषय सर्वच विषय शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकाच्या पदरात पडला. तेव्हा त्याच्यापाशी पाठ्यपुस्तक आणि खडू यांपलीकडे फारसे काही नव्हते. आज चित्र पालटले आहे. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे संकेतस्थळ २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांत त्याच्याशी जोडणारी क्यूआर चिन्हे आली. ब्रिटिश कौन्सिलची शिक्षकांसाठीची सामग्री विनामूल्य मिळते. यूट्यूबवरील पाठांची तर गणतीच नाही, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल तितके पाठ क्षणात लिहून देते. वानवा होती ती साधनांची. आता वानवा आहे ती नीरक्षीरविवेकाची.

तो विवेक कोणत्या निकषावर करावा? पाठ किती लाख लोकांनी पाहिला, चित्रे किती रंगीत आहेत, बोलणाऱ्याचा उच्चार किती साहेबी आहे, हे निकष फसवे आहेत. सरकारी मोहोरही पुरेशी नव्हे. ती फार तर पाठ अभ्यासक्रमाशी जुळतो एवढे सांगेल. तो कोणत्या मुलापुढे जाणार आहे, हे तिला ठाऊक नसते.

पहिली कसोटी मुलाच्या मातृभाषेचीच असली पाहिजे. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना स्थलदर्शक प्रत्यय नामाच्या मागून येतो, इंग्रजीत त्याचे काम करणारा ‘ऑन’ आधी येतो. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत जोडच नाही. ‘तू कोठे राहतोस?’ या प्रश्नात ‘डू’सारखे सहायक क्रियापद लागत नाही, म्हणून मूल ‘व्हेअर यू लिव्ह’ म्हणते. लेखणी आणि वेदना या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द देवनागरीत ‘पेन’ असे सारखेच लिहिले जातात. इंग्रजीत त्यांचे स्वर भिन्न आहेत. जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला पाठ नेमक्या या जागी थांबेल अशी अपेक्षा करता येत नाही. शिवाय परभणीचे मूल एकाच जातकुळीचे नाही. जिंतूर तालुक्यातील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. त्याला इंग्रजी ही तिसरी भाषा होय. उर्दू शाळेतील मुलाच्या जिभेवर ‘झेड’चा ध्वनी आधीच असतो, तेथे त्यावर तास घालवणे व्यर्थ. गंगाखेडकडील ऊसतोड कामगारांची मुले हंगामात आईबापांबरोबर जातात. त्यांना परतल्यावर सुटलेला भाग पुन्हा गाठता येईल असा पाठ हवा.

दुसरी कसोटी अशी की, तासाला बोलते कोण? पडदा बोलतो आणि मुले माना डोलावतात, तो पाठ करमणुकीचा खरा, भाषेचा नव्हे. तिसरी कसोटी व्यवहाराची. वीज गेली, जाळे तुटले तरी पाठ चालेल काय? तो उतरवून ठेवण्याची व वाटण्याची मोकळीक त्याच्या कर्त्याने दिली आहे काय? आणि भाषा निर्दोष आहे काय, हे दुसऱ्या जाणत्या शिक्षकाने तपासले आहे काय?

शिक्षकांवर आधीच निवडणुका, सर्वेक्षणे आणि माहितीचे तक्ते यांचा भार असताना हे नवे ओझे कशाला, असा आक्षेप येईल. तो गैरलागू नाही. परंतु आज प्रत्येक शिक्षक रात्री एकट्याने हाच शोध घेतो आणि त्याचा निष्कर्ष त्याच्यापाशीच राहतो. तेच धान्य घरोघर पाखडण्यापेक्षा एकदाच, एकत्र पाखडणे शहाणपणाचे. केंद्रपातळीवरील शिक्षण परिषदा त्यासाठी आहेतच. प्रत्येक केंद्राने एकेक पाठ घ्यावा, दोन वेगळ्या शाळांत तो शिकवावा, पंधरा दिवसांनी मुले पाठाबाहेरचे वाक्य स्वतः बोलू शकतात काय ते पाहावे आणि निष्कर्ष पानभर लिहावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने अशी पाने जमवून, नऊही तालुक्यांत फिरवावीत. नापास ठरलेल्या पाठांची यादीही उपयोगाचीच. ती इतरांचा वेळ वाचवील. याला फारसा निधी लागत नाही. शिक्षकाच्या मताला किंमत देण्याची तयारी लागते, आणि अडचण आहे ती तेथेच.

हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. इंग्रजीच्या ओढीने गावची मराठी शाळा सोडून, ऐपत नसता शुल्क भरून मुलाला खासगी शाळेत धाडणारा पालक जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा आपला अविश्वास पैशांत मोजून दाखवीत असतो. त्याला भाषणाने परत आणता येणार नाही. त्याच्या शेजाऱ्याचे मूल त्याच शाळेत शिकून दोन वाक्ये निर्भयपणे, समजून बोलू लागले, तरच तो थबकेल. बियाण्याची परीक्षा अखेर शिवारातच होते. पाठाचीही वर्गातच झाली पाहिजे.