शाळा आणि पाटी

मुलासाठी शाळा शोधणारा गोंदियाचा पालक आज ‘आंतरराष्ट्रीय’ या पाटीपुढे थबकतो. पण पाटीचा भरवसा किती? राज्य शासनाने स्थापिलेले आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळही पुढे बरखास्त झाले. उलट, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस माँटेसरीबाईंची पद्धती नेली आणि अनुताई वाघांसह बिया, पाने, शिंपले यांतूनच साधने घडविली. इटलीतला विचार आदिवासी मुलाच्या अंगणात रुजला. खरे आंतरराष्ट्रीयत्व ते हेच, असे आम्ही मानतो. म्हणून शुल्कपत्रक पाहण्याआधी पालकांनी विचारावे: येथे मूल प्रश्न विचारते काय? नागझिऱ्याच्या तळ्याकाठी त्याला कधी नेतात काय? जिल्हा परिषदेच्या शाळेत याचे उत्तर ‘होय’ मिळाले, तर पाटीवाचून काही अडत नाही.